उघड्या लोखंडावर ओलं चामडं

ओल्या चामड्याचा वास कुठे आला की मला भांडुपचं ते घर आठवतं. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, पळून गेलेल्या मुली परत आणल्या, जळालेल्या सुनांचे जबाब घेताना दवाखान्यात उभी राहिले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. ही केस मात्र वेगळीच राहिली. यात कोणाचंही नाव लिहीत नाही, पोलीस ठाण्याचंही नाही.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता, त्या सुमाराची गोष्ट. मी भरती झाले तेव्हा चौथी पास असलं तरी चालायचं, उंची तेवढी लागायची. पुढे शिकलेल्या मुली येऊ लागल्या. आमच्या ठाण्यात एक मॅट्रिक झालेली नवीन आली होती. तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि ती लिहायचीही भराभर. त्यामुळे लिहिण्याची कामं तिच्याकडे गेली आणि माझ्याकडे बाकीची राहिली. बाई आरोपीची झडती घ्यायची, हरवलेलं मूल घरचे येईपर्यंत सांभाळायचं, मुद्देमालाच्या खोलीत सामान लावायचं. मी बोलायलाही कमीच. ती टेबलावर वाकून लिहायला लागली की मी दुसरीकडे बघायची.

भांडुप पश्चिमेला डोंगराच्या चढणीवर दोन भाऊ शेजारी शेजारी खोल्या घेऊन राहत होते. मूळचे कोकणातले. थोरला रस्त्याच्या कडेला बसून चपला आणि बॅगा दुरुस्त करायचा. धाकटा पुढच्या खोलीत चामड्याचं खास काम करायचा. कमरेचे पट्टे, कागदपत्रांच्या पिशव्या, अंधेरीच्या स्टुडिओतून सांगून जायचे ते सिनेमातल्या डाकूंचे काडतुसांचे पट्टे. पण त्याचं नाव झालं होतं ते रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरमुळे. ठाण्यात आम्ही त्याला नुसतं कव्हर म्हणायचो. सरकारी कव्हर कडक असायचं, कमरेला रुतायचं. म्हणून बरेच साहेब त्याच्याकडून स्वतःसाठी करून घेत. दारावर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर धाकट्याचंच नाव होतं.

कव्हर करायची रीत अशी. बाभळीच्या सालीत कमावलेलं जाड चामडं भिजत घालायचं. नरम झालं की रिव्हॉल्व्हरवर दुमडायचं आणि अंगठ्याने, हाडाच्या पट्टीने दाबत जायचं. नळीचा गोलवा, चापाच्या कडीचा खोलगट भाग, सगळं बाहेरून दिसेपर्यंत दाबायचं. वाळलं की ते आकार धरून कडक होतं. मग शिवण. मेणाचा दोरा घेऊन दोन सुया दोन बाजूंनी एकाच भोकातून काढायच्या. दाबायचं काम धाकटा करायचा. शिवण थोरल्याची बायको घालायची. तिला घरात सगळे थोरली म्हणत, मीही तेच म्हणते.

रोजच्या वापरातल्या रिव्हॉल्व्हरचे लाकडी नमुने धाकट्याकडे होते, त्यामुळे खरं हत्यार ठेवून घ्यायची वेळ येत नसे. त्या वेळी मात्र घाटकोपरचा एक व्यापारी आला. त्याच्याकडे परवान्याचं जुनं परदेशी रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याचा नमुना धाकट्याकडे नव्हता. व्यापाऱ्याला मुलुंडला लग्नाला जायचं होतं. काडतुसं काढून घेऊन त्याने रिव्हॉल्व्हर तिथेच ठेवलं आणि उद्या सकाळी येतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तर धाकट्याची लोखंडी पेटी रिकामी.

व्यापारी धापा टाकत ठाण्यात आला. उपनिरीक्षक साहेबांनी आधी त्यालाच फैलावर घेतलं.

"परवाना कोणाच्या नावावर आहे, शेठ?"

"माझ्या, साहेब."

"मग हत्यार दुसऱ्याच्या घरी झोपायला कसं पाठवलंत?"

शेठने घाम पुसला. फिर्याद लिहून घेतली गेली. धाकट्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "संध्याकाळी तेल लावून, प्लास्टिकात गुंडाळून पेटीत ठेवलं. कुलूप लावलं. सकाळी कुलूप तसंच होतं, आत काही नव्हतं." साहेबांनी विचारलं, किल्ली कुठे असते. म्हणाला, देव्हाऱ्याजवळ खिळ्याला. घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी खबर आली. आमचा एक खबरी होता, स्टेशनजवळ पानाची टपरी चालवायचा. तो साहेबांच्या कानाशी लागला. "साहेब, माल बाहेर गेलाच नाही. कातड्याच्या ढिगाखाली बघा. त्यानेच दाबलाय, चोरीची बोंब मारून विकणार."

दोन पंच घेऊन आम्ही चढण चढलो. घरात बायका होत्या म्हणून मला घेतलं होतं. धाकट्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे दिवस भरत आले होते. थोरली मोरीजवळ उभी होती. सडपातळ, पाठीत किंचित वाकलेली, दोन्ही हातांच्या बोटांवर दोऱ्याने पडलेले घट्टे. शिपायांनी कातडी एकेक करून उचलली. तळाशी एका ओल्या चामड्यात दुमडलेलं ते सापडलं.

साहेबांनी चामडं दोन्ही हातांनी धरून रिव्हॉल्व्हर खसकन ओढून काढलं. तेव्हा थोरलीचा हात पुढे आला आणि ती पुटपुटली, "अहो, हळू." मग तिने हात पदराखाली घेतला. खोलीतले सगळे रिव्हॉल्व्हरकडे बघत होते. ती चामड्याकडे बघत होती. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

"मी नाही ठेवलं, साहेब," धाकटा म्हणाला.

"तुझं घर, तुझी पेटी, तुझी कातडी. मग काय मी ठेवलं?"

पंचनामा झाला. कातडी आणि धाकट्याची अवजारं जप्त झाली, त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून साहेबांनी त्याची पोलीस कोठडी घेतली. चोरी, विश्वासघात आणि वर हत्यार कायद्याचं कलम. शिक्षा झाली असती तर ते घर संपलंच असतं. ज्याच्या घरात चोरीचं रिव्हॉल्व्हर सापडलं, त्याच्याकडे कुठला साहेब कव्हर शिवायला टाकणार. साहेबांनी त्याला दोनतीनदा बाहेर काढून विचारलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो तेच सांगत राहिला. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी भर घालतो. याने एक शब्दही वाढवला नाही.

धाकट्याची बायको दोन्ही वेळा डबा घेऊन यायची. त्या अवस्थेत ती चढण उतरून, बसने, मग चालत. मी तिला बाकावर बसवून पाणी द्यायची. ती आपणहून बोलायची. मी फारसं विचारत नाही, म्हणूनच बहुधा बायका माझ्याशी बोलतात.

त्याच सुमाराला मुद्देमालाच्या खोलीत एक गोष्ट घडली. जप्त केलेलं चामडं दमट होतं. तसंच सील केलं असतं तर बुरशी आली असती, म्हणून मुद्देमालाच्या हवालदाराने ते रॅकवर वाळत ठेवलं होतं. मी सामान झटकायला गेले आणि ते हातात आलं. वाळून कडक झालं होतं. आत काही नव्हतं, पण ते रिव्हॉल्व्हरच्या आकाराने उभं होतं. नळीचा गोल, चापाच्या कडीचा खळगा, मुठीची पाठ, सगळं बोटाला लागत होतं. फक्त शिवण नव्हती. आणि आतून जिथे लोखंड टेकलं होतं तिथे शाई सांडल्यासारखे काळेनिळे डाग होते. ओळख पटवायला शेठ आला तेव्हा रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, त्याच्यावरही गंजाचे ठिपके आले होते. शेठ हळहळला. "एका रात्रीत हे काय करून ठेवलं याने."

संध्याकाळी डबा आला तेव्हा मी धाकट्याच्या बायकोला विचारलं, "तुमचे मालक कव्हर करतात तेव्हा असे डाग पडतात का गं?"

ती म्हणाली, "नाही हो बाई. आधी मशीनचं तेल लावतात, मग पातळ प्लास्टिक, मगच चामडं. उघड्या लोखंडाला ओलं चामडं लागूच देत नाहीत. लोखंडही जातं आणि चामडंही. त्यावरून मला सुद्धा एकदा ओरडले होते. लाकडी नमुना होता तरी."

"तू पण करतेस हे काम?"

"छे. मी नमुने पुसून ठेवते फक्त. खऱ्या हत्याराला आमच्यात बायकांनी हात लावायचा नाही. त्यांनीच ठरवलंय. परवान्याचं हत्यार, घरात जास्त हात नकोत म्हणतात."

"थोरली पण नाही?"

"वहिनींना तर बिलकुल नाही. त्यांच्याकडे वाळलेलं कव्हर जातं, शिवायला. आतलं हत्यार त्या बघत पण नाहीत."

मी ते रात्रभर डोक्यात घोळवलं आणि सकाळी साहेबांपुढे उभी राहिले. तेल, प्लास्टिक आणि डाग, एवढं कसंबसं सांगितलं.

साहेब हसले. "बाई, चोरीचा माल लपवताना कोण तेल लावत बसतो? घाई असते."

"घाई असते तर साहेब, एवढं दाबत कोण बसतो?" मी ते वाळलेलं चामडं टेबलावर ठेवलं.

साहेबांनी ते उचललं. चापाच्या खळग्यात बोट घातलं. त्यांचं हसू गेलं.

"म्हणजे ज्याने केलं त्याला चामडं कळतं," ते म्हणाले.

"होय साहेब. पण रिव्हॉल्व्हरवर कधी काम केलेलं नाही. तेल लावायचं असतं हेच ठाऊक नाही. धाकट्याने कितीही घाई असती तरी प्लास्टिक काढलं नसतं. ते होतंच गुंडाळलेलं. काढायला उलट वेळ जातो."

"मग थोरला?"

"असेल. पण आधी पानवाल्याला विचारावं, त्याला कोण बोललं."

पानवाल्याने साहेबांसमोर आढेवेढे घेतले. शेवटी म्हणाला, बायकोने सांगितलं. त्याच्या बायकोकडे मी एकटीच गेले. ती त्याच चढणीवर राहायची, एकाच नळावर पाणी भरायची. नळावर काय चालतं ते पुरुषांना कळत नाही. तिथे कोणाची बायको कोण, कोणाचा नवरा पोलिसांना काय पोचवतो, सगळ्या बायकांना ठाऊक असतं. ज्या गोष्टीची बातमी ठाण्यात जायला हवी असते ती त्या बाईच्या हंड्याशेजारी उभं राहून बोलली जाते.

"थोरली बोलली," पानवाल्याची बायको म्हणाली. "मला नाही हं, दुसरीला सांगत होती. पण मला ऐकू जाईल असं. म्हणे, शोधा म्हणावं कातड्याखाली, मोठ्या कारागिराच्या."

बाई माणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा नियम. साहेबांनी मला आणि त्या मॅट्रिकवाल्या मुलीला पाठवलं. मी विचारायचं, तिने लिहायचं. बाहेर ओट्यावर एक हवालदार बसला. थोरला कामावर गेला होता. धाकटी डबा घेऊन ठाण्याच्या वाटेवर होती.

थोरली पुढच्या खोलीत बसून एक पट्टा शिवत होती. आम्हाला बघून उठली, खुर्ची पुसली, चहाचं विचारलं. मी खुर्चीवर न बसता तिच्यासमोर जमिनीवरच बसले. ती मुलगी खुर्चीवर बसली, मांडीवर कागद घेऊन.

"शिवा तुम्ही. काम थांबवू नका," मी म्हणाले.

ती परत बसली. गुडघ्यांत लाकडी चिमटा धरलेला, त्यात पट्टा. आरीने भोक पाडायचं, दोन्ही सुया आरपार, दोन्ही हात एकदम बाहेर. टाके असे पडत होते की एकावर बोट ठेवून पुढच्यावर नेलं तरी फरक लागू नये.

"कुठे शिकलात?"

"म्हायेरी. आमचं कोल्हापूरकडलं. वडील टांग्याच्या घोड्यांचा साज करायचे. तिथं घोडा ओढतो, टाका सुटला तर मानूस पडतं. म्हणून दोन सुयांचा टाका."

"मग हे दीरांनी तुमच्याकडून घेतलं?"

तिचे हात थांबले नाहीत. "भावजी तेवा हाफ पँटीत होते. मी लग्न होऊन आले तेवा त्यास्नी सुई धरायला मी शिकवली. बोट टोचलं की रडायचे. आता दारात जीप उभी राहती त्यांच्यासाठी."

"पाटीवर त्यांचंच नाव आहे."

"असनारच की. साहेबलोक येतात, भावजींशी बोलतात. मी चहा आनती. एक साहेब म्हनाले, अरे काय शिवण आहे रे तुझी, मशीनला जमणार नाही. भावजी हसले. म्हनाले, साहेब, आपली मेहरबानी." तिने दोरा ओढून घट्ट केला. "मी तिथंच हुती. कप घ्यायला हात पुढं केलेला."

मुलगी भराभर लिहीत होती. पेनचा आवाज येत होता. थोरलीला काय वाटत असेल ते मला त्या वेळी समजलं. कारण मी विचारत होते, आणि कागदावर खाली सही त्या मुलीची होणार होती.

मी पिशवीतून ते वाळलेलं चामडं काढून मध्ये ठेवलं. साहेबांच्या परवानगीने आणलं होतं. थोरलीने बघितलं आणि सुया चिमट्यात खोचून ठेवल्या. मग एक हात गेला, तिने ते उचललं आणि अंगठ्याने कडेवरून फिरवलं. साहेबांनी ओढलं तेव्हा एका बाजूला कड वर वळली होती. ती तिथेच पुन्हा पुन्हा दाबत होती. वाळल्यावर ती बसणार नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार, तरी दाबत होती.

मी म्हणाले, "रिव्हॉल्व्हरवर गंज चढला. आतून चामडं काळं पडलं. दीर सांगतात, आधी तेल आणि प्लास्टिक लागतं."

"ते मला काय म्हाईत," ती म्हणाली. आवाज एकदम वर गेला. "मला कदी सांगितलं? कदी हातात दिलं? तेल लागतंय का तूप लागतंय, मी काय बगितलंय?"

मुलीचं पेन थांबलं. थोरलीने पदर तोंडाशी नेला. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं होतं.

तपासात अशा वेळी पुरुष पुढचा प्रश्न टाकतात. मला तो सुचत नाही, म्हणून मी गप्प बसते, आणि समोरच्याला ती शांतता भरून काढावी लागते.

"मला लपवायचंच हुतं," ती हळू म्हणाली. "भावजी मेणाचा दोरा आणाया गेलेले. धाकटी नळावर. म्हटलं, शेठ येईल, बोंबलेल, चार लोकांत भावजींची जाईल. म्हंजे मंग कळंल. पोलीस घिऊन जातील असं डोक्यात नव्हतं."

"पण नळावर तुम्हीच बोललात."

"ते शेठ ठाण्यात गेला मंग. भीती वाटली की मला धरतील. आनि शेठ जायच्या आदीच भावजी माज्याकडं बघून म्हनाले, वैनी, तुमी बाजूला ऱ्हावा, यातलं तुमाला काय कळनार न्हाई. शेठसमोर. मंग मी हंडा उचलला आनि गेले."

"आणि चामडं? लपवायचंच होतं तर प्लास्टिकातच ढिगाखाली ठेवायचं. चामड्यात का घातलंत?"

तिने ते चामडं मांडीवर ठेवलं.

"पिलास्टिक काढून बगितलं. इतकी वरसं शिवती, आत काय असतं ते बगितलं न्हवतं. थंडगार हुतं. जड. घमेल्यात त्याचंच चामडं भिजत पडलेलं, भावजींनी कापून ठेवलेलं. म्हटलं, एकदा." तिने अंगठा उचलून आम्हाला दाखवला, जणू तोच दोषी होता. "मंग सोडवंना. धाकटीचा हंडा ओट्यावर वाजला तेवा भानावर आले आनि कातड्याखाली सरकवलं."

"प्लास्टिक कुठे आहे?"

ती उठली. मागच्या खोलीत तांदळाच्या डब्यामागे हात घातला आणि चुरगळलेली, तेलाने चिकट झालेली पिशवी काढून दिली. हवालदाराने पंच बोलावले, पंचनामा झाला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण आरोपीने स्वतः काढून दिलेली वस्तू चालते. ती पिशवी नसती तर साहेबांनी माझं एवढं सगळं ऐकूनही काही करता आलं नसतं. ती पिशवी तिने फेकून का दिली नाही ते मी विचारलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा थोरला घरी आला. त्याला दारातच सांगितलं. तो बायकोकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, मला तरी सांगायचंस."

"तुमाला काय सांगायचं," ती म्हणाली, "तुमाला कदी हेवा वाटला का कशाचा." तिने पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्याबरोबर चढण उतरली. मी तिचा हात धरला नाही. धरायची गरज नव्हती.

धाकट्याविरुद्ध पुरावा नाही असा रिपोर्ट कोर्टात गेला आणि तो सुटला. थोरलीवर चोरीचा खटला चालला. शेठला आपल्या परवान्याची काळजी, त्याने फार ताणून धरलं नाही. धाकट्याने साक्षीत वहिनीविरुद्ध विचारलं तेवढंच सांगितलं. शेवटी तिने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने तिला चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. मग थोरला तिला घेऊन तिच्या माहेरगावी निघून गेला. केसबद्दल वरून शाबासकी आली. ती साहेबांना आणि ज्या मुलीची जबाबावर सही होती तिला मिळाली. मुलगी चांगली होती, पेढे आणून पहिला मलाच दिला. मी खाल्ला. गोड लागला नाही.

खटला संपल्यावर धाकटा त्याचं जप्त झालेलं सामान घ्यायला आला. आरी, चामडं कापायची रापी, हाडाची पट्टी, कातडी. घरी मुलगी झाली होती, तेही त्याने सांगितलं. काम कसं चाललंय विचारलं तर म्हणाला, "बेताचं." शिवणीला दोन माणसं ठेवून पाहिली, टिकली नाहीत. एका साहेबांनी कव्हर परत पाठवलं होतं.

मी सामान एकेक करून टेबलावर ठेवत होते. शेवटी ते चामडं ठेवलं. त्याने ते पहिल्यांदाच नीट हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. चापाच्या खळग्यात बोट घातलं, मुठीच्या पाठीवरून फिरवलं, पुन्हा खळग्यात.

"बाई, हे एकदाच भिजवून केलंय?"

"तुमच्या घमेल्यातलं होतं. तिला दुसऱ्यांदा भिजवायला वेळ कुठे होता?"

"मी दोनदा भिजवतो," तो म्हणाला. "कधी तीनदा. पहिल्या वेळेला माझा खळगा उतरतच नाही." चामडं उलटवून म्हणाला, "आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा धरलं होतं."

"तुम्ही धरू दिलं नव्हतंत."

"नाही."

"हत्यार परवान्याचं म्हणून."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "लहान होतो तेव्हा तिच्या शेजारी बसून एकच पट्टा शिवायला घ्यायचो. माझा दादा दोन्ही पट्टे हातात घ्यायचा आणि न विचारता तिचा कुठला ते सांगायचा. रिव्हॉल्व्हर तेवढं तिला येत नव्हतं. ती एकच गोष्ट फक्त माझी होती." त्याने चामडं खाली ठेवलं. "ते येत नव्हतं, कारण मी येऊ दिलं नव्हतं."

नंतर मी खात्यात बरीच वर्षं काढली. घरातला गुन्हा आला की साहेब लोक विचारत, कोणाचं कोणाशी पटत नाही. मी मनात दुसरंच विचारायची. या घरात कोणाचं काम कोणाच्या नावावर जमा होतं, आणि ज्याच्या नावावर होतं त्याला ते ठाऊक आहे का. हेवा दोघांच्या मध्ये असतो. एकाचा बाहेर पडतो, तो आपण पकडतो. दुसऱ्याचा किल्लीसारखा खिळ्याला टांगलेला असतो आणि घराचा नियम म्हणून चालून जातो. त्याला कलम नाही.

धाकट्याने पावतीवर सही करायला पेन घेतलं. आरी, रापी, पट्टी, कातडी, सगळं वाचलं. मग ते चामडं माझ्याकडे सरकवलं.

"हे यातून काढा बाई. हे माझं नाही, मी कशी सही करू."

मी ती ओळ खोडली. खोडल्याची सही करायला त्या मुलीला बोलावलं नाही, मीच केली.